राहिलेली व्याहीभेट

मास्तर,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले, आणि एकवीस दिवसांत या घरात माझी चूक कुणी काढलेली नाही. काल जेवताना मी मुद्दाम म्हणालो, "बेलीझ मेक्सिकोच्या वरच्या अंगाला आहे." संजय नुसता हूं म्हणाला. वैशालीने भात वाढला. तुम्ही असता तर हातातला घास खाली ठेवून, चष्मा पुसून, ताटात कोशिंबिरीचा मेक्सिको आणि लोणच्याच्या फोडीचं बेलीझ मांडून दाखवलं असतं. मला माहीत आहे ते कुठं आहे. मी जाऊन आलोय तिथं. तुमच्याबरोबरच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला तुम्ही त्या प्रवासाचं वर्णन कबूल केलं होतं. वर्षभर नुसतं कबूलच करत होता. आता मंडळाची माणसं वैशालीला म्हणाली, वडिलांवर कुणीतरी लिहा. ती म्हणाली, माझ्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, मी लिहितो. सगळे गप्प. तिसरी शिकलेला गवंडी भूगोलाच्या मास्तरांवर लिहिणार! ते गप्प झाले म्हणूनच मी बसलो. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे.

तुमची निळी वही समोर घेतली आहे. पहिल्या पानावर "बेलीझ : पाहण्यासारखी स्थळे" असं लिहून खाली दोन रेघा. आकडे एक ते आठ घातलेत, मजकूर पाचापर्यंत. सहावा आकडा नुसताच उभा आहे.

पहिल्या आकड्याला तुम्ही समुद्रातली बेटं लिहिलीत. पाण्याचे रंग सात लिहिलेत. मी तीनच मोजले होते, यावरून आपण बेटावर अर्धा दिवस भांडलो. दुसऱ्याला समुद्रातला तो निळा गोल डोह, विमानातून बघायचा. तुम्ही बघून आलात, मी गेलो नाही. मी म्हटलं, विहिरी पुष्कळ बांधल्यात, वरून काय बघायचं. खरं म्हणजे त्या चार माणसांच्या विमानाची मला भीती वाटली. तुम्ही आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालात, "व्याह्यांनी नाही बघितला ते बरं झालं, कठडा कुठाय म्हणून विचारलं असतं." तेव्हा मी हसलो नाही. आत्ता लिहिताना हसलो.

तिसऱ्याला जंगलातली माकडं. पहाटे ती ओरडली तेव्हा मला वाटलं वाघच शिरला. चौथ्याला प्राणिसंग्रहालयातला तो सोंडेचा डुकरासारखा प्राणी. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी म्हणे. "दिसायला काय पण निवडलाय," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "साधा, लाजाळू, कुणाच्या वाटेला न जाणारा आहे. असा प्राणी निवडायला मोठं मन लागतं." मग माझ्याकडे बघून, "आपण दोघं असतो तर निवडला नसता."

पाचव्याला जेवण. नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा. सकाळी टम्म फुगलेल्या पुऱ्या, त्यांना ते फ्राय जॅक म्हणतात. आणि तिथल्या मूळच्या माया लोकांतली ती बाई, चुलीपुढं बसून मक्याच्या भाकरी थापणारी. तिचा पाटा-वरवंटा बघून वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तुमच्या आईंची आठवण झाली म्हणाली. बाईने मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवला होता. तुम्ही वहीत लिहिलंत, "चुना अन्नात! व्याही खूष." होतोच. ज्या चुन्याने घर बांधायचं त्याच चुन्याने भाकरी करायची, अशी माणसं मला आवडणारच.

सहाव्याला माया लोकांचं ते नदीपलीकडचं देऊळ यायचं होतं. शुनानटुनिच. तिथंच तुमचं लिहिणं थांबलं. का थांबलं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, म्हणून तो आकडा मी भरतोय.

पण आधी मागचं सांगायला हवं. मांडवात मी जे केलं ते ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना हे कळायचं नाही.

तुम्ही माझ्या सुनेचे वडील. मी तुमच्या जावयाचा बाप. साताऱ्याला तुमच्या घरी लग्नाची यादी झाली. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, कुणाला काय आहेर, सगळं तुमच्या सुंदर अक्षरात लिहून झालं आणि सही करायला कागद माझ्यापुढं सरकवलात. कागदाजवळ पेन होतं. आणि पेनाजवळ शाईचं पॅड.

त्या पॅडकडे बघून माझ्या डोक्यात काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. वीस माणसं बसलेली. मला वाटलं, मास्तरांनी चौकशी केलेली दिसते. गवंडी आहे, अंगठाच देईल. मी पेन उचललं आणि सही अशी दाबून केली की कागद फाटला. आणि लग्नाच्या दिवशी व्याहीभेटीला, वाजंत्री वाजत असताना, तुम्ही शेला घेऊन दोन्ही हात पसरून पुढं आलात, तेव्हा मी जागचा हललो नाही. लांबून हात जोडले. तुम्ही पसरलेले हात आवरून घेतलेत आणि माझ्यासारखेच जोडलेत. अल्बममध्ये तो फोटो आहे. दोन म्हातारे निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसतात.

पुढं दोघांच्याही बायका गेल्या आणि पोरांनी दोघांनाही इथं अमेरिकेत, अल्फारेटाला आणलं. एकाच घरात, समोरासमोरच्या खोल्या. मुलीच्या घरी राहायचं म्हणून पहिले काही महिने तुम्ही फ्रिज उघडायलाही वैशालीला विचारत होता. मी बघत होतो. "अहो, तुमचंच घर आहे," एवढं वाक्य मी बोलायला हवं होतं. ते माझंच काम होतं, मुलाच्या बापाचं. मी टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसून राहिलो. तीन वर्षं त्या खुर्चीवर तुम्हाला बसू दिलं नाही. आता ती रिकामी ठेवतो, मी बाजूला बसतो. उपयोग काय?

तरी तुम्ही माझी खोडी काढायचं सोडलं नाहीत. कागदपत्रांसाठी आपल्या दोघांच्या बोटांचे ठसे घ्यायला नेलं होतं, आठवतं? तुमचे दोन मिनिटांत झाले. माझे यंत्रात उमटेनात. त्या बाईने माझी बोटं पुसली, मलम लावलं, पुन्हा दाबली. चाळीस वर्षं छिन्नी, चुना आणि सिमेंट, रेघा राहणार कुठून? तुम्ही मागून म्हणालात, "व्याही, तुमचा अंगठा अमेरिकेलासुद्धा चालेना." बाकीचे हसले. मी तुमच्याशी चार दिवस बोललो नाही. तुम्हाला कारण कळलं नसणार असं तेव्हा वाटलं होतं. पाचव्या दिवशी माझ्या उशीपाशी मलमाची डबी होती. ती मी वापरली नाही. अजून कपाटात आहे.

आता सहावा आकडा.

गाडीवाला होसे नदीपाशी घेऊन गेला. तिथं पूल नाही. लाकडी तराफा, वर गाडी चढवायची, आणि एक माणूस हाताने चाक फिरवून तारेवरून तो पलीकडे नेतो. पाणी हिरवं, काठावर बायका कपडे धूत होत्या. होसेने विचारलं, तुम्ही दोघं भाऊ का? सईची पंचाईत झाली. सात वर्षांची आपली नात, तिने संजयला विचारलं, "बाबा, व्हॉट्स व्याही इन इंग्लिश?" संजय म्हणाला, "असा शब्दच नाही." तो म्हणे ऑफिसात माझी ओळख 'माझे वडील' अशी देतो आणि तुमची 'माझ्या बायकोचे वडील' अशी, आपण दोघं एकमेकांचे कोण ते सांगायची सोयच नाही. मग वैशालीने होसेला सगळं उलगडून सांगितलं. तो जोरात हसला. "कोन्सुएग्रो!" म्हणाला. त्यांच्या स्पॅनिशमध्ये त्याला शब्द आहे. तुम्ही इतके हरखलात की तराफ्यावर उभ्याउभ्या वही काढलीत. ती ओळ सापडली मला, शेवटच्या पानावर, पाणी उडून पुसट झालेली: "कोन्सुएग्रो म्हणजे व्याही. म्हणजे यांच्यातही मानपान असणार."

देऊळ समोर आलं. पांढरा दगड, डोंगराएवढा ढीग नाही तर टप्प्याटप्प्याने चढवलेलं काम. मध्यावर भिंतीवर गिलाव्यात कोरलेली चित्रं. जंगल मागं सरकून उभं राहिलेलं. मी जोत्याच्या दगडावर हात ठेवला. चुनखडी. मऊ, ऊन शोषून गरम झालेली. आपल्या काळ्या दगडासारखी छिन्नीला उलटं बोलणारी नाही.

पहिल्या टप्प्यावर एक अरुंद दालन होतं. तुम्ही पुस्तकात बघून म्हणालात, "या लोकांना खरी कमान माहीत नव्हती. माथ्यावर मधोमध कळीचा दगड बसवणं त्यांना जमलं नाही."

"पडलंय का?" मी विचारलं.

"काय?"

"हे दालन. पडलंय का?"

"नाही."

"मग जमलं नाही कसं म्हणता? पुस्तक लिहिणाऱ्याने कधी दगड उचललाय?"

मग मी तुम्हाला हाताने दाखवलं. दोन्ही भिंतींतला एकेक थर चार बोटं पुढं काढायचा. त्याच्यावरचा आणखी चार बोटं. असं करत करत दोन्हीकडचे दगड इतके जवळ येतात की वर एक चपटा दगड टाकला की झालं. आपल्याकडच्या जुन्या हेमाडपंती देवळांत असंच काम आहे. कळीचा दगड लागत नाही. तुम्ही वर बघत राहिलात, मान दुखेपर्यंत. मग हळूच म्हणालात, "पण व्याही, दोन्ही भिंतींनी पुढं यावं लागतं. एकच भिंत पुढं येत राहिली तर ती कोसळेल."

मला वाटलं, टोमणा आहे. मी म्हटलं, "वर चला, ऊन चढतंय."

खरंच टोमणा होता का मास्तर? की नुसतं बांधकाम कळलं म्हणून बोललात? हा वाद आपला राहिला. मी रोज दोन्ही बाजूंनी घालून बघतो. कधी तुम्ही जिंकता, कधी मी. तुमची बाजूही मीच मांडतोय, त्यामुळं मजा येत नाही.

पुढच्या पायऱ्या उंच. गुडघ्याएवढ्या. माझा उजवा गुडघा तेव्हाच गेलेला होता, पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पोरं पुढं गेली. सई वरून ओरडत होती, "आजोबाज! यू आर सो स्लो!" तुम्ही दोन पायऱ्या चढून वळलात आणि हात पुढं केलात.

"द्या हात, व्याही."

"मला हात लागत नाही."

"अहो, मला लागतोय म्हणून मागतोय."

हे तुम्ही खोटं बोललात. तुम्ही रोज तीन मैल चालणारे. माझी लाज राखायला स्वतःकडे कमीपणा घेतलात, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. तरी मी म्हटलं, "संजयला बोलवा मग." आणि खाली वळलो. तुम्ही थोडा वेळ हात तसाच धरून उभे होता. मी वळून बघितलं नाही, पण सावली दिसत होती.

खाली एका कोपऱ्यात डागडुजीचं काम चालू होतं. एक माया गवंडी, पन्नाशीचा, चुना कालवत बसला होता. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही. मी हात पुढं केले, त्याने त्याचे केले. सारखेच हात. तो हसला. त्याने डब्यातलं लालसर पाणी दाखवलं, झाडाच्या सालीचं, चुन्यात घालायला. मी त्याला गूळ कसा घालतात ते सांगायचा प्रयत्न केला, गोड आहे असं तोंडाने दाखवलं. त्याला वाटलं मला भूक लागली, त्याने भाकरी दिली. मी खाल्ली. मग त्याने वर बोट दाखवलं. अगदी माथ्यावर, आभाळाला लागून तुम्ही उभे होता, पांढरी टोपी घालून, आणि मला हात हलवत होता. मी त्याला म्हटलं, "कोन्सुएग्रो." त्याने मान डोलावली आणि कौतुकाने तुमच्याकडे बघितलं. मला अभिमान वाटला. माझा व्याही बघा, केवढ्या उंचावर उभा आहे. हे मी तुम्हाला खाली आल्यावर सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, "काय बोलत होता त्याच्याशी?" मी म्हटलं, "कामाचं."

परतताना तराफ्यावर सई म्हणाली, आजोबांनी चाक फिरवायचं. तो माणूस हसून बाजूला झाला. मी एका बाजूने धरलं. ते जड होतं, मला एकट्याला ओढेना. तुम्ही न विचारता माझ्या शेजारी येऊन दांडा धरलात. माझ्या हाताला लागून तुमचा हात, खांद्याला खांदा. तराफा हलला. सई टाळ्या वाजवत होती. एका घरात राहून नातीला दोघांनी वाढवलं, पण दोघांनी मिळून एक काम असं तेवढंच केलं.

नदीच्या मध्यावर तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "व्याही, यादीच्या दिवशी ते शाईचं पॅड होतं ना..."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दहा वर्षं माहीत होतं.

मी म्हटलं, "चाक फिरवा मास्तर. मधेच थांबलोय."

तुम्ही फिरवलंत. पलीकडचा काठ आला. पुन्हा तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि मी काढू दिला नसता.

तुम्ही गेल्यावर इथल्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये तुम्हाला निरोप द्यायला सगळे जमले. मी संजयला आधीच सांगून ठेवलं होतं, खांदा मी देणार, गुडघ्याचं मी बघून घेईन. तिथं गेल्यावर बघतो तर पेटी चाकांच्या गाडीवर. एका माणसाने हलक्या हाताने ढकलत नेली. खांदा लागतच नाही इथं. मी नुसता बाजूने चालत गेलो, पेटीच्या कडेवर हात ठेवून. लाकूड गुळगुळीत होतं. तराफ्याचा दांडा खरखरीत होता, तो बरा होता.

तेराव्याला वैशालीने तुमची बॅग उघडली. कपड्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ती यादी निघाली. मी तोंड फिरवलं. तिने कागद माझ्यापुढं धरला. माझी सही, कागद फाटलेला, मागून तुम्ही बारीक चिकटपट्टी लावलेली. आणि सहीच्या खाली एक अंगठा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आजीचा, आप्पा," वैशाली म्हणाली. "बाबांच्या आईचा. तुम्ही सगळे चहाला उठलात, मग आतून बाहेर आली ती. म्हणाली, माझ्या नातीची यादी आहे, माझी निशाणी पाहिजे. बाबांनी तिच्यासाठी पॅड आणून ठेवलं होतं सकाळीच. म्हणून तर त्यांनी हा कागद जपला, तिची एवढीच निशाणी आहे."

मी सही करून तडक अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. दाराच्या आत एक म्हातारी आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती, ते मला दिसलंच नाही.

मास्तर, तुम्ही एकदा जोरात का नाही बोललात? वर्गात चाळीस पोरांना गप्प करत होता. माझ्या अंगावर ओरडायचं होतंत, "अहो गवंडी, ते पॅड माझ्या आईसाठी होतं!" मी चार दिवस रुसलो असतो. पाचव्या दिवशी मलमाची डबी ठेवायची होतीत. तुम्ही भिंत पुढं आणत राहिलात, चार चार बोटं, आणि मी समोर तसाच सरळ उभा. तुमचंच बरोबर होतं, एवढं लिहून देतो. पुस्तकाचं नाही. भिंतीचं.

वैशालीला म्हटलं, पॅड आहे का घरात? ती बघतच राहिली. इथं कुणाच्या घरी शाईचं पॅड असणार? सईने आणून दिलं, तिच्या फुलपाखरांच्या शिक्क्यांचं, जांभळं. यादीवर तुमच्या आईंच्या अंगठ्याशेजारी बोटभर जागा होती. आधी तुमच्या त्या डबीतलं मलम अंगठ्याला चोळलं, पहिल्यांदाच. मग शाई लावली आणि दाबला. सई वाकून बघत होती. "आप्पाआजोबा, देअर आर नो लाइन्स," म्हणाली.

रेघा नाहीतच उठल्या. नुसता जांभळा गोळा आलाय. तुम्ही बघितलात तर चष्मा पुसून विचाराल, "हा कसला डाग पाडला कुणी यादीवर?"

तुमचा व्याही आहे तो, मास्तर.